तिशीच्या अलीकडची कंबर

आशा सेविकेच्या, म्हणजे आशाताईंच्या, पिशवीत शिंप्याकडे असते तशी टेप असते. घरोघर फिरताना त्या एक छापील तक्ता भरतात. वय किती, तंबाखू-मिश्री आहे का, अंगमेहनत किती होते, घरात कुणाला शुगर किंवा बीपी आहे का, आणि कंबर किती. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असली तर शून्य गुण, ८१ ते ९० असली तर एक, त्यापुढे दोन. बेरीज चारच्या वर गेली की तिला तपासणीला आधी पाठवायचं. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग वेळेत सापडावेत म्हणून देशभर राबवल्या जाणाऱ्या तपासणीतला हा तक्ता. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपर्यंत पोचणारी आरोग्यव्यवस्था कंबर मोजते ती याच तक्त्यापुरती. आणि तो भरायचा असतो वयाच्या तिशीपासून पुढे.

पीसीओडी, म्हणजे बीजांडांशी आणि संप्रेरकांशी जोडलेला पाळीचा आजार, तिशीची वाट पाहत नाही. पाळी सुरू झाल्यावर काही वर्षांतच तिच्या खुणा दिसू लागतात. डोळखांबहून किंवा धसईहून रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलीची पाळी दोन-दोन महिने येत नाही. घरी सांगितलं तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून टॉनिकची बाटली येते. हनुवटीवर राठ केस उगवतात, ते पार्लरवाली दोऱ्याने काढून देते. मानेवर काळा पट्टा दिसू लागतो, तो मळ समजून दगडाने घासला जातो. दगडाने त्याला काही होत नाही, कारण ती रक्तात इन्सुलिन वाढल्याची खूण असते. तीन तक्रारी तीन वेगवेगळ्या माणसांकडे जातात, आणि तिन्हींचं मूळ एक आहे हे सांगणारं त्यांत कुणीच नसतं. मग लग्न होतं, वर्ष-दीड वर्ष उलटतं, सासूबाई विचारायला लागतात. सोनोग्राफी होते. रिपोर्ट बघून सल्ला मिळतो, ‘वजन कमी करा.’

तीन शब्दांचा हा सल्ला चुकीचा नाही. पण तो अर्धा आहे, आणि ज्या बाईला दिला जातो तिच्या घरात, ताटात, दिवसात तो बसतो का हे सहसा कुणी पाहत नाही.

बोलताना सगळे पीसीओडी म्हणतात, डॉक्टरांच्या कागदावर पीसीओएस लिहिलेलं असतं. आजार शहरी, एसीत बसणाऱ्या मुलींचा, असा एक समज आहे. इतिहासातली त्याची पहिली नोंद मात्र एका शेतकरी बाईची आहे. १७२१ साली इटलीतल्या अंतोनियो वालिस्नेरी या वैद्याने एका तरुण, विवाहित, किंचित स्थूल आणि मूल न झालेल्या खेडूत बाईचं वर्णन लिहून ठेवलं. तिची बीजांडं नेहमीपेक्षा मोठी, उंचसखल आणि पांढुरकी होती. कबुतराच्या अंड्यांएवढी, असं त्याने नोंदवलं. पुढे दोनशेहून अधिक वर्षांनी, १९३५ साली, शिकागोच्या आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल यांनी पाळी न येणाऱ्या सात बायकांची माहिती प्रसिद्ध केली आणि आजाराला त्यांचं नाव पडलं. त्यांनी बीजांडाचा एक तुकडा कापून काढला आणि पाळी परत आली. त्यामुळे खोट बीजांडात आहे असंच बराच काळ धरलं गेलं. १९८० नंतर इन्सुलिनकडे लक्ष वळलं, तेव्हा चित्र बदललं.

आपण जेवतो, रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि स्नायू ती साखर उचलून घेतात. पीसीओडी असलेल्या पुष्कळ बायकांच्या स्नायूंना इन्सुलिनचं म्हणणं नीट ऐकू येत नाही. ऐकू न येणाऱ्या आजोबांशी बोलताना घरातल्या सगळ्यांचा आवाज चढतो, तसं स्वादुपिंड इन्सुलिन वाढवत नेतं. आजोबांना आता ऐकू येतं खरं, पण शेजारी हैराण होतात. इथले शेजारी म्हणजे बीजांडं. त्यांचे कान शाबूत असतात. वाढलेल्या इन्सुलिनच्या रेट्याने ती पुरुषी संप्रेरकं जास्त बनवू लागतात. त्यातच ही संप्रेरकं बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृत कमी बनवतं, म्हणून रक्तात ती मोकळी फिरतात. हनुवटीवर केस येतात, डोक्यावरचे विरळ होतात, तोंडावर मुरमं उठतात. बीजांडात दर महिन्याला वाढीला लागणारी बीजं अर्ध्यावर थांबतात आणि पाळी लांबते.

सोनोग्राफीत दिसतात त्या ‘गाठी’ म्हणजे ही अर्ध्यावर थांबलेली बीजं, काही मिलिमीटरची. त्या कापून काढायच्या नसतात, फुटत नाहीत, त्यांचा कॅन्सर होत नाही. रिपोर्ट वाचून रात्रभर रडणाऱ्या मुलीला हे एवढं जरी कुणी सांगितलं तरी पुष्कळ आहे. खरं तर पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर निदानासाठी सोनोग्राफी करूच नये, असं २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. त्या वयात निरोगी मुलींच्या बीजांडांतही अशी बीजं भरपूर दिसतात. सतरा वर्षांच्या मुलीचं निदान पाळीच्या तारखांवरून आणि पुरुषी संप्रेरकांच्या खुणांवरून करायचं. घरातल्या कॅलेंडरवर तारखेभोवती पेनाने केलेला गोल तिथे जास्त कामाचा. मोठ्या बाईसाठी २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेले तीन निकष आहेत: पाळी अनियमित, पुरुषी संप्रेरकं जास्त, सोनोग्राफीत तशी बीजांडं. तिन्हींतले दोन असले आणि थायरॉइडसारखी दुसरी कारणं नसली की पीसीओडी.

किती जणींना असते? मोजपट्टी बदलली की आकडा बदलतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभरातल्या १८ ते ४० वयाच्या सुमारे ९,८०० बायकांची पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०२४ साली आले. अमेरिकी संस्थेच्या १९९० च्या कडक निकषाने ७.२ टक्के, रॉटरडॅमच्या सैल निकषाने १९.६ टक्के. म्हणजे पाचातली एक किंवा चौदातली एक. दोन्ही आकडे मोठेच.

शहापूरच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा अभ्यास लोकलने दोनेक तासांवर झाला. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या डॉ. बीना जोशी आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या १५ ते २४ वर्षांच्या ७७८ मुलींना अभ्यासात घेतलं आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रॉटरडॅमच्या निकषाने २२.५ टक्के मुलींना पीसीओडी निघाली, आणि त्यांतल्या जवळपास ७२ टक्के मुली लठ्ठ नव्हत्या. ‘वजन कमी करा’ हे वाक्य त्यांना सांगायचं कसं? आणि ज्या डॉक्टरच्या मनात पीसीओडी म्हणजे जाड मुलगी असं पक्कं बसलं आहे, त्याच्यासमोर बसलेली ४६ किलोची मुलगी त्याला दिसणार कशी?

या कोड्याचं निम्मं उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून या गावांतल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास सुरू केला. बायका शेतात राबणाऱ्या, अंगाने किरकोळ. त्यांची बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. कमी वजनाचं बाळ सगळ्याच बाबतींत कमी असेल असं कुणालाही वाटेल. पण कातडीखालची घडी चिमट्याने मोजली तेव्हा दिसलं की पुण्याकडच्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र फारशी कमी नव्हती. ‘बारीक-लठ्ठ’ बाळ ही कल्पना इथून जगभर गेली.

याज्ञिकांनी पुढे स्वतःचंच उदाहरण घेतलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन यूडकिन यांचा शेजारीशेजारी उभा फोटो छापून आला. उंचीच्या हिशोबाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, २२.३. अंगातली चरबी यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखे होते, स्नायूंना आणि स्वादुपिंडाला नव्हते. भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २५ वरून २३ वर आणि लठ्ठपणाची ३० वरून २५ वर आली, बाईच्या कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर ठरली, ती अशाच निरीक्षणांमुळे.

शहापूर-मुरबाडला हे नीट लागू पडतं. कुपोषित बालकं आणि रक्त कमी असलेल्या आया, अशी इथल्या आदिवासी पाड्यांची ओळख सरकारी कागदांत आहे आणि ती खोटी नाही. २०१५ पासून अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा आदिवासी आयांना एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं, तेही गरजेचंच. पण सगळी यंत्रणा ‘वजन वाढलं का’ हे पाहायला बसवलेली आहे. कमी वजनाची जन्मलेली मुलगी आश्रमशाळेत वाढते, अठराव्या वर्षी आसनगावच्या एखाद्या कंपनीत पॅकिंगला लागते, बसून किंवा एका जागी उभं राहून आठ तास काम करते आणि तिच्या कंबरेभोवती चार-पाच किलो चढतात. काट्यावर ती पन्नास किलोची, निरोगी दिसते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २०.८ टक्के बायका कमी वजनाच्या आणि २३.४ टक्के जास्त वजनाच्या निघाल्या. एकाच घरात, कधी एकाच बाईच्या आयुष्यात, हे दोन्ही आकडे भेटतात.

म्हणून पहिली गोष्ट टेप. शेवटची बरगडी आणि कुल्ल्याचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता माप घ्यायचं. साडी-परकराची नाडी बांधतात त्या जागी नव्हे. माप ८० च्या पुढे असेल तर बाई बारीक दिसो की जाड, तिने साखर तपासून घ्यावी. तीही नुसती उपाशीपोटीची नको. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेल्या तपासणीत जे सापडतं ते उपाशीपोटीच्या तपासणीत निसटू शकतं.

आता वजन. ज्यांचं खरोखर जास्त आहे त्यांच्यासाठी वजन उतरवणं हा उपाय कामाचा आहे, आणि त्याबद्दलची सगळ्यात चांगली बातमी सगळ्यात कमी सांगितली जाते. खूप उतरवावं लागत नाही. १९९२ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या स्टीफन फ्रँक्स यांच्या गटाने पीसीओडी असलेल्या स्थूल बायकांना कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं. पाळीची तक्रार असलेल्या ज्या ११ जणींचं वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, त्यांतल्या ९ जणींची पाळी सुधारली किंवा त्यांना दिवस गेले. ज्यांचं तेवढं उतरलं नाही अशा आठ जणींत सुधारणा एकीलाच दिसली.

पाच टक्के म्हणजे किती? मुरबाडची एखादी बाई पाच फुटांची, म्हणजे १५२ सेंटिमीटर, आणि ६४ किलो वजनाची असेल तर तिचा बीएमआय २७.७ होतो. पुस्तकाप्रमाणे तिने ५३ किलोवर यायला हवं. अकरा किलो! हा आकडा ऐकला की पहिल्याच दिवशी अवसान गळतं. पाच टक्क्यांनी मात्र ती ६०.८ वर येते. तक्त्यात ती अजून ‘लठ्ठ’च असते, पण तिची पाळी रुळावर यायची शक्यता याच सव्वातीन किलोंत सुरू होते. कारण आधी उतरते ती पोटातली, यकृताभोवतीची चरबी, आणि इन्सुलिनचा आवाज चढवणारीही तीच.

महाराष्ट्रात वजनाची गोष्ट निघाली की घराघरांत दोन पक्ष पडतात. एक दीक्षितांचा. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार व्याख्यानांतून सांगत की प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन सुटतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा. त्यांच्यानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ते सूत्र राज्यभर नेलं. दोनच जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाल. दुसरा पक्ष ऋजुता दिवेकरांचा. पीसीओडी आणि थायरॉइडवर त्यांचं वेगळं पुस्तक आहे. त्या म्हणतात, उपाशी राहू नका, थोडंथोडं खा, भात सोडू नका, तूप घ्या, आजीचं जेवण जेवा. व्हॉट्सअॅपवर दोन्हीकडच्या आघाड्या जोरात असतात.

२०२३ च्या मार्गदर्शिकेने या भांडणात कुणाचीच बाजू घेतलेली नाही. पीसीओडीसाठी अमुक एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस आहे असा पुरावा नाही. जो बाईला वर्षानुवर्षं झेपेल, तिच्या घरातल्या चुलीवर शिजेल, तो चांगला, असा तिचा सूर आहे. इथे एक खोच मात्र आहे. पहाटेची लोकल गाठायला नुसत्या चहावर निघालेली, दुपारी दोनला डबा उघडणारी आणि रात्री दहाला जेवणारी मुलगी दोनदाच जेवते. पण मधल्या वेळेत तीन गोड चहा, एक वडापाव आणि पाच रुपयांची दोन पाकिटं पोटात जात असतील तर तिचं जेवण कुठल्याच पक्षात बसत नाही.

चहाचा हिशोब साधा आहे. कपात दोन चमचे साखर म्हणजे साधारण १० ग्रॅम. दिवसाचे पाच कप झाले की ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहायला सुचवते. ‘आम्ही गुळाचा पितो’ हे उत्तर हमखास येतं. इन्सुलिनला गूळ आणि साखर सारखेच. पाहुण्याला कोरा, बिनसाखरेचा चहा देणं आपल्याकडे अपमान समजतात, ही अडचण खरी आहे. ती एका झटक्यात सुटत नाही. कपातले दोन चमचे दीडवर आणि मग एकवर आणले तर महिन्याभरात जीभ सरावते.

भाताचं काय करायचं, हा ठाणे जिल्ह्यातल्या बाईचा खरा प्रश्न. इथलं शेत भाताचं, रेशनवर मिळतो तो तांदूळ. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही फुकट. ‘भात बंद करा, ओट्स खा’ हा सल्ला टोकावड्याच्या बाईला देणारा माणूस टोकावड्याला गेलेला नसतो. भात राहू द्यावा, ताटातली त्याची जागा आटवावी. आधी भाजी आणि डाळ-उसळ वाढून घ्यावी, उरलेल्या जागेत भात. खाण्याचा क्रम असा ठेवला तर जेवणानंतरची साखर कमी चढते.

उसळीला इथे तोटा नसावा. भात कापल्यावर खाचरात उरलेल्या ओलाव्यावर वाल, हरभरा, चवळी निघते. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई होते, जरी दरवर्षी थोडी कमी. नागलीची भाकरी चांगलीच, पोट धरून ठेवते. पण नागली बारीक दळून, त्यात साखर घालून केलेलं ‘सत्त्व’ औषध म्हणून प्यायलं तर ते गोड पेजच झालं. पावसाळ्यात शेवळं, लोत, कुर्डू, टाकळा, कंटोळी येतात. शहरातले लोक त्यासाठी रानभाजी महोत्सवाला गाड्या काढून येतात आणि पाड्यावरच्या मुलींना त्याच भाज्या डब्यात न्यायला लाज वाटते. वलगणीचे मासे, चिंबोऱ्या, सुकट, अंडी ही प्रथिनं. रेशनच्या पिशवीत जे नाही ते या यादीत आहे. घरातल्या वाटपात मात्र कालवणातला मासा आधी पुरुषांच्या, मग मुलांच्या ताटात जातो आणि बाईच्या वाट्याला रस्सा आणि भात उरतो. तिच्या स्नायूंना जे हवं आहे तेच तिच्यापर्यंत पोचत नाही, हा आहारशास्त्राचा नाही, घरच्या रिवाजाचा प्रश्न आहे.

व्यायामाचं नाव काढलं की गावात हसतात. ‘आम्ही काय बसून असतो का?’ हंगामात हे अगदी खरं. जुलैत आवणीला दिवसभर वाकून चिखलात, दिवाळीच्या सुमाराला कापणी, भारे, झोडणी. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं ज्या तालुक्यात आहेत, त्याच शहापुरात उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन टँकरमागे धावतात. त्याला व्यायाम म्हणणं हा विनोद कुणी करू नये. पण शरीराला सातत्य लागतं. चार महिने राबायचं आणि उरलेले महिने निम्म्याने, हा हिशोब त्याला कळत नाही. शिवाय ज्या मुलींना पीसीओडीचं निदान होतं आहे त्यांतल्या अनेकींचा शेताशी संबंध सुटलेला असतो. जातं गेलं, गिरणी आली. पाय गेले, स्कूटी आणि वडापची जीप आली. यात वाईट काही नाही, फक्त त्या गेलेल्या मेहनतीच्या जागी काही आलं नाही.

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल अशी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताण, हे मोठ्या बायकांसाठीचं माप. आसनगाव स्टेशन ते शहापूरची बाजारपेठ हे अंतर अडीच-तीन किलोमीटरचं. जाता-येता त्यातला एकदाचा रिक्षाचा प्रवास सोडला तरी आठवड्याच्या मिनिटांचा मोठा वाटा भरतो. स्नायूंसाठी जिमची गरज नाही. बैठका, भिंतीला टेकून जोर, पायरीवर चढ-उतार, दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. जेवणानंतर साखर उचलण्याचं मोठं काम स्नायूच करतात, म्हणून ४६ किलोच्या मुलीसाठीही हे औषध आहे. तिने वजन घटवायचं नाही, स्नायू वाढवायचे.

अडचण असते ती ‘कुठं निघालीस?’ या प्रश्नाची. कामाशिवाय रस्त्याने चालणारी सून गावाला खटकते. इथे ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा अनुभव उपयोगी पडावा. रॉबर्ट नॉर्मन आणि सहकाऱ्यांनी पाळी अनियमित असलेल्या, मूल होत नसलेल्या स्थूल बायकांना सहा महिने दर आठवड्याला एकत्र बोलावलं. त्यांतल्या अनेकींना पीसीओडी होती. एकत्र व्यायाम, मग खाण्यापिण्याच्या, मनातल्या गोष्टींच्या गप्पा. पूर्ण सहा महिने टिकलेल्या ६७ जणींचं वजन सरासरी १०.२ किलो उतरलं, ६० जणींची बीजनिर्मिती आपोआप सुरू झाली, ५२ जणींना दिवस गेले. १९९८ साली हे आकडे छापून आले. त्यांतल्या अनेकींना दिवस राहायला वंध्यत्वाचे उपचारही लागले, पण वजन उतरलं ते गोळीने नव्हे, गटाने. आणि गट ही गोष्ट महाराष्ट्राच्या खेड्याला शिकवावी लागत नाही. उमेद अभियानातले बचत गट गावोगाव आहेत, महिन्याचा हप्ता गोळा करायला बायका जमतातच. दहा जणी मिळून चालायला निघाल्या की ‘कुठं निघाल्यात’ या प्रश्नाचा सूर बदलतो.

गोळ्यांबद्दल दोन टोकं दिसतात. काहींच्या हातात पहिल्याच भेटीत गोळ्यांची पट्टी येते आणि बाकी काही सांगितलं जात नाही. काही आया मुलीला गोळी घेऊच देत नाहीत, ‘लग्नाआधी असल्या गोळ्या घेतल्या तर पुढं मूल राहत नाही.’ हा समज खरा नाही. पाळी नियमित करायला आणि केस-मुरमांवर संयुक्त गर्भनिरोधक गोळी हा पहिल्या फळीतला उपाय आहे. तीन-तीन महिने पाळीच न येण्यात खरा धोका असतो, कारण गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि पुढे कर्करोगाची शक्यता वाढते. सरकारी ‘माला-एन’ ही तशीच संयुक्त गोळी, आशाताईंकडे मिळणारी. मात्र रक्तदाब, अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास डॉक्टरांनी विचारल्याशिवाय ती सुरू करू नये. त्याच पिशवीतली आठवड्याची ‘छाया’ गोळी मात्र वेगळी आहे. तिच्यात संप्रेरकं नाहीत, ती पाळी लांबवू शकते, आणि पीसीओडी असलेल्या बाईने ती घेऊ नये असं सरकारी सूचनांतच म्हटलं आहे. शेजारणीला चालली म्हणून हिला चालत नाही ती अशी.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी इन्सुलिनचं काम सोपं करते. पहिले काही आठवडे मळमळ, जुलाब होतात म्हणून अनेकजणी सोडून देतात. जेवणाबरोबर आणि कमी मात्रेने सुरू केली तर बहुतेकींना सोसते. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं. मूल हवं असताना बीज तयार व्हावं म्हणून लेट्रोझोल हे पहिलं औषध. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. त्यांनी वजन खरोखर उतरतं, पण ती सुरू असताना गर्भ राहू देता येत नाही आणि थांबवल्यावर बरंचसं वजन परत येतं. लग्नाला वर्ष झालेल्या, मूल हवं असलेल्या बाईसाठी ती पहिली पायरी होऊ शकत नाही.

झोपेकडे कुणी पाहत नाही. पीसीओडी असलेल्या बायकांत घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं जास्त आढळतं. कंपनीची रात्रपाळी, पहाटेची लोकल, सगळे झोपल्यावरचा मोबाइल, यांतून पाच तासांची झोप उरली की भूक वाढते आणि ती गोडाचीच असते. मनाचंही तसंच. या बायकांत उदासी आणि चिंता जास्त दिसते. लग्नघरात ‘अगं, किती सुटलीस!’ असं हसत म्हणणाऱ्या मावशीला वाटतं आपण काळजी दाखवली. त्या दिवशी ती मुलगी जेवत नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट खाते.

मदत मिळायच्या जागा अगदीच नाहीत असं नाही. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. सरकारी रुग्णालयांतल्या ‘मैत्री’ केंद्रांत दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना पाळीबद्दल विचारता येतं. अडचण एकोणीस ते तिशीच्या मधल्या दशकाची. कॉलेज संपतं, नोकरी लागते, लग्न होतं, आणि याच वर्षांत बाईचं वजन बदलतं. मैत्रीचं दार तिच्यामागे लागलेलं असतं, तिशीचा तक्ता पुढे असतो. या मधल्या काळात तिची आरोग्यखात्याशी गाठ पडते ती मुख्यतः दिवस गेल्यावर.

म्हणून ती संधी दवडता कामा नये. पीसीओडी असलेल्या बाईला गरोदरपणात मधुमेह होण्याची शक्यता जास्त. पहिल्याच तपासणीला आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर पाहायची, जेवण झालेलं असलं तरी चालतं. १४० किंवा जास्त आली तर आहार आणि उपचार सुरू. बाळंतपण झालं की घरी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू सुरू होतात. दूध यावं म्हणून रोज एक लाडू ठीक, पण येणारी प्रत्येक आत्या-मावशी डबा भरून आणते आणि सव्वा महिना घराबाहेर पाऊल नसतं. गरोदरपणात चढलेलं वजन इथे पक्कं होतं. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते, या वेळी उपाशीपोटी. नेमके सहा आठवडे झाले की बाळाला पेंटाची पहिली लस असते आणि आई त्याला घेऊन उपकेंद्रात येतेच. बाळाचं कार्ड भरून होईपर्यंत आईला ग्लुकोज पाजून दोन तास थांबवून ठेवता येतं, आणि तेवढ्या वेळात कंबरही मोजून होते, ती तेवीस वर्षांची असली तरी.